ताई, लावा की फोन

चिपळूणहून बीडला निघाले तेव्हा भेटेल तो एकच प्रश्न विचारत होता, "तिकडे कशाला?" या प्रश्नाचं धड उत्तर माझ्याकडे नव्हतं. परत येऊन तीन महिने झाले, तरी ते पूर्णपणे आहे असं म्हणवत नाही. पण जे पाहिलं ते सांगते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि फावल्या वेळात एका लहानशा प्रकाशनासाठी पुस्तिका संपादित करते. सुजाताताईंच्या भाषणांची पुस्तिका माझ्याकडे आली होती. ताई मूळच्या शाळामास्तरीण. पुढे राजकारणात आल्या, एकदा निवडून आल्या, दोनदा पडल्या. पुरोगामी विचारांच्या म्हणून आमच्याकडच्या शिबिरांतही त्यांना बोलावतात. ध्वनिफितीवरून भाषणं उतरवून घेताना माझी गाडी अडली. एका भाषणात त्या म्हणत होत्या, "पोलीस दिसला की गरीब माणूस रस्ता बदलतो, असलं सरकार कुणाला पाहिजे?" आणि पुढच्याच महिन्यातल्या भाषणात त्या वस्तीशेजारी पोलीस चौकी मागत होत्या. यातलं खरं कोणतं, हे विचारायला मी फोन केला.

"फोनवर न्हाई कळायचं, मॅडम," त्या म्हणाल्या. "दिवाळी झाल्यावर या. चार दिवस माझ्यासंगं फिरा."

मांजरसुंबा

नगरकडून येणाऱ्या एसटीने मला मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरवलं. समोर ढाब्यांची रांग, ट्रकांची गर्दी आणि तोंडात जाईल इतकी धूळ. आमच्याकडे दिवाळीनंतरही डोंगर हिरवे असतात. इथे डोंगर होते, पण कुणी पाटी पुसून ठेवावी तसे.

ताई स्वतः घ्यायला आल्या होत्या. सुती साडी, पायात साध्या चपला. शेजारी पन्नाशीचे, सफारी घातलेले, भारदस्त मिशांचे एक गृहस्थ. ते ताईंचे यजमान असावेत असं समजून मी वाकून नमस्कार केला. दोघंही हसले. ढाब्यावर रबडी खायला बसलो तेव्हा सफारीचा कोपरा वर सरकला आणि मला कमरेचं पिस्तूल दिसलं. ते शेखभाई, ताईंचे पोलीस अंगरक्षक.

ताईंना धमकी आली होती. गायरान जमिनी कसणाऱ्या बौद्ध कुटुंबांच्या बाजूने त्या बोलल्या, त्यावरून. सरकारने हवालदार दिला. ताईंनी तो परत घ्यावा म्हणून दोन अर्ज केले.

"अर्ज माझ्या विरुद्ध," शेखभाई वाटी चाटून पुसून म्हणाले, "आन् त्यो द्यायला जाताना ताईच्या मागं मीच! तिथला बाबू मला इचारतो, शेख, तुमचं काय म्हननं हाय यावर?"

"काय सांगितलंत?"

"सांगितलं, मला शुगर हाय. बंदोबस्तात उभं ऱ्हान्यापरीस इथं बरं हाय."

ताई हसल्या नाहीत. "मॅडम, जिच्या जमिनीसाठी मी बोलले, ती बाई पत्र्याच्या घरात एकटी झोपती. धमकी तिलाबी हाय. तिला कोण दिलंय? मला एकटीला कावून?"

मी वही काढून हे वाक्य लिहून घेतलं, शेजारी 'कावून म्हणजे का' अशी टीप जोडून. पहिल्याच दिवशी सगळं स्पष्ट झालं असं मला वाटलं.

चकलांबा

ताईंचं घर घाटनांदूरला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "सुशीला चालती ना तुमाला?" मला वाटलं, सुशीला म्हणजे सोबत येणारी कुणी कार्यकर्ती. मी म्हटलं, "चालेल की, गाडीत जागा असली तर." सूनबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून हसल्याचा आवाज आला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, फोडणी घातलेला, वर दाण्याचं कूट भुरभुरलेला पदार्थ. फार चांगला लागतो. मी दोनदा मागून घेतला, तेव्हा कुठे माझी लाज थोडी कमी झाली.

सभा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चकलांब्याला होती. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि कापसाची फुटलेली बोंडं. सभा म्हणजे पाराजवळ शंभरेक माणसं आणि एक कर्णा.

त्या दिवशी ताई जे बोलल्या ते माझ्या मते त्यांचं सगळ्यात चांगलं भाषण. ते पुस्तिकेत घ्यायचं मी तिथेच ठरवलं. "सरकार कुणाची मेहरबानी न्हाई, आपुन नेमलेला राखणदार हाय," त्या म्हणाल्या. "वाड्याला राखणदार परवडतो. पत्र्याच्या घराला सरकारच लागतं. म्हणून पोलीस पायजे, पण तो पत्र्याच्या घराचा पायजे. आन् ऐका, नेत्याच्या फोनावर चालतं ते सरकार नव्हं, ते दुकान हाय. ओळखीच्याला माल, बाकीच्याला उद्या या. मी आजपासून कुणाच्या कामाला ठाण्यात फोन करणार न्हाई. तुमी जा, बसा, हक्कानं सांगा. आन् शेजाऱ्याला साक्षीला न्या. शेजाऱ्यावर आलं तवा तुमी घरात लपलात, तर सरकारला नावं ठेवायचा तुमाला हक न्हाई."

टाळ्या पडल्या. मागे उभा असलेला एक माणूस शेजाऱ्याला म्हणाला, "फोन करणार न्हाई म्हणती. मग हिला निवडून कावून द्यायचं बे?"

हेही मी वहीत लिहून घेतलं. पण कुठल्या मथळ्याखाली घालावं ते कळलं नाही.

ठाणं

तिसऱ्या दिवशी सकाळी घाटनांदूरच्या अंगणात कौसाबाई येऊन बसल्या होत्या. दोन एसट्या बदलून आल्या होत्या. वय साठीच्या आसपास, कपाळ मोकळं, हाताच्या बोटांना कापूस वेचून चिरा पडलेल्या. पत्र्याच्या घरात एकटी झोपणारी बाई ती हीच. त्यांच्या गावाचं आणि तिथल्या ठाण्याचं नाव मी लिहीत नाही, कारण कौसाबाईंना तिथेच राहायचं आहे.

चार दिवसांपूर्वी त्यांच्या गायरानातल्या उभ्या पऱ्हाटीवरून, म्हणजे कापसाच्या पिकावरून, कुणी तरी दिवसाढवळ्या ट्रॅक्टर फिरवला होता. कुणी तरी म्हणजे कौसाबाईंनी डोळ्यांनी पाहिलेला माणूस, गावातल्या आप्पांचा पुतण्या. आप्पा म्हणजे मोठे जमीनदार. गेल्या निवडणुकीत ताईंच्या प्रचाराला गाड्या त्यांनीच दिल्या होत्या.

"फुडच्या येळंला मधी तू उभी असशील, असं म्हनला," कौसाबाई सांगत होत्या. "दोनदा ठाण्यात गेलते. अर्ज ठिवून जा म्हनले. ताई, लावा की फोन."

ताई उठल्या. मग चपला घालत म्हणाल्या, "फोन न्हाई लावायची. पण चल, मी संगं येते."

साडेदहाला आम्ही ठाण्यात पोचलो. तिथले अधिकारी तरुण होते, बोलायला नम्र. ताईंना आत खुर्ची दिली, चहा मागवला. ताईंनी खुर्ची नाकारली. "मी पाहुणी न्हाई. ही फिर्यादी हाय. हिचं लिहून घ्या, नियमानं. मी शब्द बोलणार न्हाई." आणि बाहेरच्या बाकड्यावर कौसाबाईंशेजारी जाऊन बसल्या. अधिकारी म्हणाले, "लिहितो की, ताई. जरा बसा."

जरा म्हणजे किती, हे मला त्या दिवशी समजलं.

बारा वाजले. एक वाजला. अधिकारी कुठे तरी गेले आणि आले. शेखभाईंची फार पंचाईत झाली होती. ठाण्यातले शिपाई त्यांच्या ओळखीचे. ते आत जाऊन बसले की ताई नजरेआड होत, बाहेर बसले की शिपाई चिडवत, "काय शेख, फिर्याद द्यायला आलाव का?" आम्ही सोबत आणलेले धपाटे सोडले. कौसाबाईंनी खाल्ले नाहीत.

कोकणातही भांडणं असतात, कमी नाहीत. पण आमची भांडणं कोर्टात जातात. आजोबाने बांधावरून लावलेला दावा नातू चालवतो आणि तोवर दोन्ही घरं एकमेकांकडे गणपतीला जातात. अंगावर ट्रॅक्टर घालायची धमकी ऐकलेल्या बाईशेजारी मी याआधी कधी बसले नव्हते. मला सारखं वाटत होतं, आपण काही तरी करायला हवं. काय, ते सुचत नव्हतं.

दोन वाजून गेल्यावर कौसाबाईंचा धीर सुटला.

"ताई, आजचा दिस बुडाला. लावा की येक फोन. दोन मिंटाचं काम हाय."

"कौसामाय, फोन लावला तर ते माझ्या नावावर लिहितील. उद्या मी नसले तर?"

"उद्याचं उद्या. आज तुमी हायत ना?"

"मी रोज फोन करत बसले तर ठाणं कधीच सुधरणार न्हाई."

"ठाणं सुधरंल तवा सुधरंल. तोवर मी मरू का?"

मला दोघींचंही पटत होतं, आणि ते एकाच वेळी पटणं शक्य नव्हतं. मी वही बंद केली.

साडेचारला कौसाबाईंना आत बोलावलं. पाऊण तासाने त्या फिर्यादीची प्रत घेऊन बाहेर आल्या. चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू होतं. त्यांना वाचता येत नाही. कागद माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वाचा बरं, पोरी."

मी मोठ्याने वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीला थांबले. 'कोणीतरी अनोळखी इसमाने अनोळखी वाहनाने पिकाचे नुकसान केले.' पुतण्याचं नाव नव्हतं. धमकीचं वाक्य नव्हतं.

"थांबलाव कावून?"

मी ताईंकडे बघितलं. एक क्षण मला वाटलं की पुढचं वाचूच नये. पण वाचलं.

"म्या तीनदा नाव सांगितलं," कौसाबाई म्हणाल्या. रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. फक्त बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सकाळपून बसून हे मिळालं व्हय?"

ताई उठल्या. मला वाटलं, आत जाऊन अधिकाऱ्याशी भांडतील. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, अंगणातल्या कडुलिंबाखाली गेल्या आणि जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना फोन लावला. दोन मिनिटं बोलल्या. आवाज चढवला नाही.

पंधरा मिनिटांत नवीन फिर्याद तयार झाली. नाव आलं, ट्रॅक्टरचा रंग आला, धमकी शब्दाला शब्द आली. तरुण अधिकारी स्वतः प्रत घेऊन बाहेर आले. "आधी सांगायचं ना, ताई," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मला जास्त लागलं.

गाडीजवळ येऊन ताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सकाळीच केला असता तर हिचा दिवस वाचला असता. केलाच नसता तर माझं भाषण वाचलं असतं. दोन्ही गेलं."



पत्र्याचं घर

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. कौसाबाईंना आता त्याच गावात परत जायचं होतं, आप्पांच्या पुतण्याविरुद्ध फिर्याद नोंदवून. ऊन उतरत आलं होतं.

ताई शेखभाईंना म्हणाल्या, "तुमी आजपासून हिच्याकडं ऱ्हावा. मला गरज न्हाई."

"तसं जमत न्हाई, ताई."

"कावून?"

"हुकूम तुमच्या नावचा हाय. तुमी जिथं, तिथं मी. तुमाला सोडून मी दुसरीकडं गेलो तर माजी नोकरी जाती. कौसामायसाठी येगळा अर्ज करा. येईल मंजूर होऊन."

"कधी?"

शेखभाईंनी आकाशाकडे बघितलं.

"मी जिथं, तिथं तुमी. बरोबर?"

"व्हय."

"लेखी हाय ना तसं?"

"लेखी हाय."

"मग मी हिच्या घरी ऱ्हाते," ताई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

शेखभाई दोन मिनिटं तसेच उभे होते. मग मला म्हणाले, "मॅडम, तुमी शिकलेल्या हायत. ह्ये कायद्यात बसतंय का?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "मलाबी न्हाई," आणि पुढच्या सीटवर बसले.

कौसाबाईंचं घर वस्तीच्या कडेला होतं. एक खोली, पुढे छपरी. भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याखाली मुंबईला कामाला असलेल्या मुलाचा लग्नातला फोटो. ज्वारीची भाकरी, येसरची आमटी आणि ठेचा खाल्ला. पाणी बघून वापरायचं, हे मी विसरले आणि हात धुताना अर्धा तांब्या ओतून टाकला. वस्तीतल्या पोरी माझ्या हाताकडे बघत राहिल्या. छपरीत शेखभाई, आत आम्ही तिघी.

सकाळी आप्पा आले. मी मनात जो माणूस रंगवला होता तसे ते मुळीच नव्हते. पांढरे कपडे, बारीक अंगकाठी, हळू बोलणं. सोबत सीताफळांची पाटी.

"ताई, निरोप धाडला असता तर मीच पोराला घेऊन आलो असतो की," ते म्हणाले. "घरातली गोष्ट ठाण्यात नेली. पोरगं तापट हाय, मान्य. कौसामायचं नुकसान मी भरून देतो. फिर्याद मागं घ्यायला सांगा."

"फिर्याद माझी न्हाई. हिला इचारा."

आप्पांनी कौसाबाईंकडे बघितलं नाही. "तुमच्या गाड्यांना डिझेल कुणी घातलं ते इसरलात का, ताई?"

"इसरले न्हाई. म्हणून तर काल दिवसभर फोन केला न्हाई. मला वाटलं, मी तत्त्वानं बसले. आता वाटतंय, तुमचीबी थोडी भीती असंल त्यात."

हे ताई सगळ्यांसमोर बोलल्या. त्या अवघडलेल्या क्षणी माझा हात आपोआप पाटीकडे गेला आणि मी एक सीताफळ फोडलं. पहिला गर तोंडात गेल्यावर लक्षात आलं की दुसऱ्या कुणीच फळाला हात लावलेला नाही. आप्पा माझ्याकडे बघून मंद हसले. "खा, खा. पाव्हण्यानं खावं." कौसाबाईंनी मान फिरवली. ते बी थुंकावं की गिळावं, मला कळेना. मी गिळलं.

आप्पा पाटी तिथेच ठेवून गेले. जाताना मात्र कौसाबाईंसमोर क्षणभर थांबले. "मागं घेतीस का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," कौसाबाई म्हणाल्या.

त्या दुपारी शेजारच्या शेतातला एक म्हातारा शेतकरी साक्ष द्यायला तयार झाला. संध्याकाळी म्हणाला, नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आला. "ताई हायत तोवर सांगून टाकतो," म्हणाला. जबाब झाला. त्याच दिवशी मी निघाले. निरोप घेताना मी ताईंना पुस्तिकेचं विचारलं. त्या दोन भाषणांतलं कोणतं ठेवू?

"दोन्ही ठेवा," त्या म्हणाल्या. "आन् चकलांब्याचं काढून टाका."

"का? तेच सगळ्यात चांगलं आहे."

"चांगलं हाय म्हणूनच."

चिपळूणपर्यंतच्या प्रवासात मी यावर विचार केला. ते भाषण मी अजून काढलेलं नाही, ठेवलेलंही नाही.

घरी आल्यावर

ताई कौसाबाईंकडे अठरा दिवस राहिल्या. पुतण्याला अटक झाली, जामीन झाला, खटला चालू आहे. ताईंचे बरेच कार्यकर्ते या प्रकरणात दुरावले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यात 'नाटक' हा शब्द होता. शेखभाईंची बदली झाली. नवीन अंगरक्षक येईपर्यंत ताई एकट्याच फिरत होत्या. कौसाबाईंच्या संरक्षणाचा अर्ज कुठे आहे, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यांनी उरलेल्या रानात हरभरा पेरला.

मागच्या आठवड्यात मी कौसाबाईंना फोन केला आणि भीती वाटते का, ते विचारलं.

"भ्या वाटतंय की," त्या म्हणाल्या. "पर ऐका, बाजूच्या गावच्या येका बाईची फिर्याद घेईनात. मी गेले तिच्यासंगं. दोन दिस बसवलं. दुसऱ्या दिशी लिहिलं, नावानिशी. आदी वाचून दाखवा म्हनलं, मगच आंगठा."

मला फार आनंद झाला. लगेच ताईंना कळवलं. मग त्यांनी एकच विचारलं, आणि ते विचारताना त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"माझं नाव न घेता केलं का तिनं?"

"विचारून सांगते," मी म्हटलं.

कौसाबाईंना पुन्हा फोन लावला. त्या रानात होत्या, वारा घोंघावत होता. माझा प्रश्न त्यांना दोनदा सांगावा लागला.

"ताईचं नाव?" त्या ओरडून म्हणाल्या. "आत पाय ठिवल्या ठिवल्या घेतलं की! कावून न्हाई घ्यायचं?"

हे मी ताईंना अजून कळवलेलं नाही.